निकालाचा दिवस आणि छोट्या शाळेचे भवितव्य

१ मे हा दिवस महाराष्ट्रात अनेक अर्थांनी महत्त्वाचा आहे. १९६० साली याच दिवशी आपल्या राज्याची स्थापना झाली. जगभर तो कामगार दिन म्हणून पाळला जातो. पोप बारावे पायस यांनी १९५५ साली हा दिवस श्रमिक संत योसेफ यांच्या स्मरणाला जोडला. खेड्यातील प्राथमिक शाळेच्या मुलांना मात्र या थोरवीशी फारसे देणेघेणे नसते. त्यांच्या दृष्टीने १ मे म्हणजे प्रगतिपुस्तक हाती पडण्याचा दिवस. सकाळी झेंडावंदन होते, राज्यगीत होते, मग बाई किंवा गुरुजी वर्गवार नावे पुकारतात. मूल पुढे येते, नमस्कार करते आणि वरच्या वर्गात गेल्याचा आनंद घेऊन घरी पळते. दुसऱ्या दिवसापासून सुटी.

हा सोहळा मोठ्या शाळेत दोन तास चालतो. ज्या शाळेचा पटच पंधरा-वीस आहे, तेथे तो दहा मिनिटांत आटोपतो. या दहा मिनिटांविषयी थोडे विवेचन करावे, असा या लेखाचा हेतू आहे. कारण अशा शाळेत त्या दिवशी केवळ मुलांचा निकाल लागत नाही. शाळेचाही लागतो.

ओसरीवरचे स्नेहसंमेलन

नवी मुंबईच्या दक्षिण टोकाला, उरण तालुक्यात, सिडकोने वसविलेला द्रोणागिरी नावाचा विभाग आहे. करंजा गावाच्या माथ्यावर जो डोंगर आणि जुना किल्ला आहे, त्याचे हे नाव. या पट्ट्यातील चौथीपर्यंतच्या एका लहान शाळेच्या वार्षिक स्नेहसंमेलनाला उपस्थित राहण्याची संधी मला मिळाली होती. शाळेचे नाव येथे देत नाही, कारण जे पाहिले ते कोणत्याही एका शाळेपुरते नाही.

व्यासपीठ म्हणजे शाळेची ओसरी. पडदा म्हणून दोन साड्या एकत्र बांधलेल्या. ध्वनिक्षेपक गावातल्या मंडळाने विनामूल्य दिलेला. प्रत्येक मुलाला किमान तीन नृत्यांत भाग घ्यावा लागला, कारण मुलेच मोजकी. कोळीनृत्यात वल्हे मारणारा मुलगा पुढच्या प्रवेशात शिवरायांचा मावळा झाला आणि शेवटच्या नाटिकेत झाड. दर थोड्या वेळाने जवळच्या रस्त्यावरून कंटेनरचे ट्रेलर जात आणि त्यांच्या कर्ण्यांत मुलांचे संवाद बुडून जात. मुले थांबत, ट्रेलर गेला की पुन्हा तेच वाक्य म्हणत. त्यांना त्याची सवय होती.

बक्षिसे दिली गेली: कंपासपेटी, पाण्याची बाटली, वह्या. जवळजवळ प्रत्येकाला काहीतरी मिळाले. चौथीच्या तीन मुलांना निरोप देण्यात आला. कार्यक्रम संपल्यावर एक आजीबाई बाईंजवळ आल्या आणि आगरी बोलीत म्हणाल्या, "बाई, पोरा बरी नाचली. पन पुढच्या वर्साला शाला ऱ्हेल ना?" बाई हसल्या, "राहील हो आजी," म्हणाल्या आणि खुर्च्या आवरू लागल्या. आजीबाईंचा प्रश्न माझ्या मनात राहिला. हा लेख त्या प्रश्नाचाच विचार आहे.

भूमी कोणाची, भरभराट कोणाची

द्रोणागिरीचा इतिहास वाचकांनी थोडक्यात ध्यानात घ्यावा. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. भातशेती, मिठागरे आणि खाडीतली मासेमारी यांवर जगणारा आगरी-कोळी समाज एका फटकाऱ्यात प्रकल्पग्रस्त ठरला. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झाले, त्यात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जासई-नवघर परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे सूत्र त्या रक्तातून आले. गावोगावच्या शाळांची संमेलने भरतात, त्याच हिवाळ्याच्या दिवसांत या हुतात्म्यांना दरवर्षी अभिवादन केले जाते.

पुढे १९८९ साली न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. त्यासाठी मूळ शेवा गाव उठविण्यात आले. गावकऱ्यांचे पुनर्वसन नवीन शेवा आणि हनुमान कोळीवाडा या दोन वसाहतींत झाले. हनुमान कोळीवाड्याची जागा वाळवीने पोखरली आणि तेथील कुटुंबांनी दुसऱ्यांदा पुनर्वसन मिळावे म्हणून वर्षानुवर्षे लढा दिला. याच कालखंडात बंदराची भरभराट होत गेली. २०२४-२५ या आर्थिक वर्षात या बंदराने सुमारे ७३ लाख टीईयू इतकी कंटेनर-वाहतूक हाताळली. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडीहून उरण तालुक्यातील चिर्ले येथे उतरणारा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला आणि त्याच दिवशी उपनगरी रेल्वे उरणपर्यंत धावू लागली. द्रोणागिरी हे आता रेल्वेचे स्थानक आहे. २५ डिसेंबर २०२५ रोजी, म्हणजे ऐन नाताळात, नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमाने उडू लागली.

इतके सारे आले. इमारती उभ्या राहिल्या, नवे रहिवासी आले. अशा ठिकाणी शाळेत मुले वाढावयास हवीत, असे कोणालाही वाटेल. परंतु गावच्या जिल्हा परिषद शाळेची चिंता नेमकी उलटी आहे.

गाव वाढते, पट का घटतो

जपानमध्ये गेली अनेक वर्षे दरवर्षी सरासरी साडेचारशेच्या आसपास सरकारी शाळा बंद होत आल्या आहेत. तेथे कारण स्पष्ट आहे: मुलेच जन्माला येत नाहीत आणि खेडी ओस पडत आहेत. शाळा बंद होताना तेथील गावकरी एकत्र येऊन रीतसर निरोप-समारंभ करतात. आपल्याकडे, विशेषतः द्रोणागिरीसारख्या ठिकाणी, गाव ओस पडलेले नाही. मुले आहेत, पण ती पिवळ्या बसमध्ये बसून दुसरीकडे जातात.

यामागील पहिले कारण इंग्रजी माध्यमाचे आकर्षण. ज्यांच्या जमिनी गेल्या त्या पालकांना असे वाटते की, शेती नाही, खाडी नाही, तेव्हा मुलाच्या हाती निदान इंग्रजी तरी असावी. या वाटण्याला हसण्याचे कारण नाही. बंदरातील, गोदामांतील आणि विमानतळावरील बऱ्या नोकऱ्या कोणत्या भाषेत मिळतात, हे ते डोळ्यांनी पाहत आहेत.

दुसरे कारण शाळेच्या आतील आहे. पट घटला की शिक्षक घटतात. एक-दोन शिक्षकांनी चार इयत्ता सांभाळायच्या, शिवाय पोषण आहाराच्या नोंदी, निवडणुकीची कामे, ऑनलाइन माहिती भरणे हेही त्यांनीच करायचे. हे पाहून पालक आणखी एक मूल काढून घेतो आणि पट आणखी घटतो. २०२४-२५ च्या केंद्रीय आकडेवारीनुसार देशात एकशिक्षकी शाळा १,०४,१२५ आहेत. त्यांपैकी ८,१५२ महाराष्ट्रात आहेत.

तिसरे कारण प्रशासकीय आहे आणि त्याची चर्चा कमी होते. द्रोणागिरीला लोक नवी मुंबई म्हणतात, पण हा भाग नवी मुंबई महानगरपालिकेत नाही. येथील नियोजन सिडकोकडे, गावांचा कारभार ग्रामपंचायतींकडे आणि प्राथमिक शाळा रायगड जिल्हा परिषदेकडे. महानगरपालिकेने २०१८ पासून सीवूड्स व कोपरखैरणे येथे स्वतःच्या सीबीएसई शाळा चालविल्या आणि तेथे प्रवेशासाठी पालकांची रीघ लागते. सरकारी शाळेत कोणी जात नाही, हा समज त्यामुळे खोटा ठरला आहे. चांगली चालविलेली सरकारी शाळा पालकांना हवीच असते. द्रोणागिरीच्या गावांना मात्र शहराचे नाव मिळाले, शहराची शाळा मिळाली नाही.

३० सप्टेंबरची मोजणी

शाळेचे शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये संपते, पण तिचे आयुष्य ३० सप्टेंबरला ठरते. त्या दिवशीच्या पटावर संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार हे निश्चित होते. अलीकडे ज्या मुलांचे आधार क्रमांक जुळतात तीच मुले या हिशेबात धरली जातात. शहरातील वाचकाला हा तांत्रिक तपशील वाटेल. सोळा मुलांच्या शाळेत दोन मुलांचे आधार न जुळणे ही किरकोळ गोष्ट नसते.

राज्याचे चित्र असे आहे. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा बंद करून मुलांना जवळच्या शाळेत समायोजित करण्याचा निर्णय झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागविण्यात आले. त्या वेळी मांडलेल्या आकडेवारीनुसार अशा १४,७८३ शाळांत १,८५,४६७ विद्यार्थी आणि २९,७०७ शिक्षक होते. सरासरी काढली तर एका शाळेत बारा-तेरा मुले आणि दोन शिक्षक. नंदुरबारमधील तोरणमाळ आणि पुण्यातील पानशेत येथील समूह शाळा आदर्श म्हणून पुढे ठेवण्यात आल्या. त्यानंतर १५ मार्च २०२४ रोजी संचमान्यतेचे नवे निकष आले. कमी पटाच्या शाळांतील, विशेषतः सहावी ते आठवीच्या वर्गांतील, शिक्षकपदे यामुळे जातात, असा शिक्षक संघटनांचा आक्षेप आहे. ५ डिसेंबर २०२५ रोजी राज्यभर शिक्षकांनी जे आंदोलन केले, त्याच्या मागण्यांत हा निर्णय रद्द करावा, ही मागणीही होती.

दोन्ही बाजू

समूह शाळेच्या कल्पनेला सरसकट विरोध करणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. चार इयत्तांत मिळून बारा मुले असतील तर त्यांना खेळायला संघ मिळत नाही, स्पर्धा मिळत नाही, वादविवादाला जोडीदार मिळत नाही. इयत्तेत एकटीच असलेली मुलगी वर्गात पहिलीही येते आणि शेवटचीही. प्रयोगशाळा, वाचनालय, संगीत-चित्रकलेचे शिक्षक हे मोठ्या शाळेतच शक्य होते. शासनाची तिजोरी अमर्याद नाही, हेही खरे.

तरीही दुसरी बाजू अधिक जड आहे, असे माझे नम्र मत आहे. शिक्षण हक्क कायद्याने १ एप्रिल २०१० पासून पहिली ते पाचवीच्या मुलाला घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीच्या मुलाला तीन किलोमीटरच्या आत शाळा देण्याचे बंधन घातले. लांब जावे लागल्यास वाहतूक भत्त्याची तरतूद आहे. पण किलोमीटर नकाशावर मोजला जातो आणि मूल रस्त्यावर चालते. उरण तालुक्यातील रस्ता म्हणजे बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरची रांग. या तालुक्यातील अपघातांच्या बातम्या वाचकांना नवीन नाहीत. सात वर्षांच्या मुलाने हा महामार्ग ओलांडून दुसऱ्या गावच्या शाळेत जावे, असे सांगणाऱ्याने ते अंतर एकदा सकाळी सात वाजता स्वतः चालून पाहावे. बस वेळेवर येईल असे आश्वासन मिळते. ज्या गावांनी पुनर्वसनाची आश्वासने चाळीस वर्षे मोजली आहेत, त्यांना आश्वासनाची किंमत आपण शिकविण्याची गरज नाही.

आणखी एक वर्ग आहे, ज्याच्याकडे पिवळ्या बसचा पर्याय कधीच नव्हता. कंटेनर यार्डात, गोदामांत आणि बांधकामावर राबणाऱ्या परप्रांतीय मजुरांची मुले, मासेमारी बोटींवरील खलाशांची मुले, डोंगराच्या कुशीतील कातकरी वाड्यांवरील मुले. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे ज्या दिवसांत शाळेत संमेलन होते, परीक्षा होते, निकाल लागतो, नेमक्या त्याच दिवसांत ही मुले भट्टीवर असतात. स्थलांतरित मुलाला जेथे जाईल तेथे शाळेत बसता यावे म्हणून राज्याने शिक्षण हमी कार्डाची योजना केली आहे. ती कितपत उपयोगी पडते हे शेवटी एका गोष्टीवर अवलंबून राहते: त्या मुलाला नावाने ओळखणारा आणि जूनमध्ये त्याच्या झोपडीपर्यंत जाऊन त्याला परत आणणारा शिक्षक आहे की नाही. हे काम वाडीजवळची छोटी शाळाच करू शकते. पाच किलोमीटरवरील समूह शाळेच्या हजेरीपटात त्या मुलाचे नाव असेल, त्याच्या झोपडीची वाट मात्र तेथे कोणाला माहीत असणार नाही.

संमेलन म्हणजे काय

वार्षिक समारंभाकडे आपण करमणूक म्हणून पाहतो. छोट्या गावात त्याचा अर्थ अधिक खोल आहे. वर्षभरात शाळेने काय केले, याचा तो गावापुढे दिलेला हिशेब असतो. मुलगा बोलू लागला, मुलगी धीट झाली, परभाषिक मजुराच्या लेकराने मराठीत कविता म्हटली, हे गावाला त्या दिवशी दिसते. कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, पण समितीच्या सभेला जे पालक फिरकत नाहीत ते संमेलनाला मात्र येतात. एप्रिल महिन्यात होणारा शाळा पूर्वतयारी मेळावा, पहिलीत येणाऱ्या बालकांचे स्वागत, चौथीच्या मुलांचा निरोप, हे सर्व त्याच हिशेबाचे भाग आहेत. शाळा बंद झाली की केवळ वर्ग जात नाहीत, गावाला एकत्र बसविणारा हा दिवसही जातो. शेत गेले, खाडी गेली, काहींचे मूळ गावच गेले. आता सर्वांची म्हणावी अशी एक वास्तू उरली आहे, आणि तिचाही पट मोजला जात आहे.

आपला संबंध

वाचक विचारतील, आपला याच्याशी काय संबंध? मला वाटते, तो सरळ आहे. द्रोणागिरी-उरणच्या नव्या वसाहतींत आपली कुटुंबेही राहावयास येत आहेत. आपली मुले बहुधा इंग्रजी माध्यमात जातात आणि ज्या शाळांकडे साऱ्या समाजाची रीघ असते, त्यांत आपल्या संस्थांच्या शाळाही असतात. वसईत एकेकाळी धर्मग्रामांच्या मराठी शाळांनी पिढ्या घडविल्या. आज त्यांपैकी अनेक आवारांत इंग्रजी माध्यमाचे वर्ग गजबजलेले आणि मराठी वर्ग विरळ झालेले दिसतात. म्हणजे शासनाच्या धोरणावर बोट ठेवताना आपलेही हात तपासले पाहिजेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानुसार अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना दुर्बल घटकांसाठीच्या २५ टक्के राखीव प्रवेशातून सूट आहे. सूट कायद्याने दिली आहे. शेजारच्या वाडीतील मुलाविषयीच्या जबाबदारीतून मात्र कोणताही कायदा आपल्याला सोडवू शकत नाही.

करता येण्याजोगे काय आहे? पहिले, कोणतीही शाळा दुसरीत विलीन करण्यापूर्वी तिच्या ओसरीवर पालकांची सभा व्हावी आणि त्यांचे म्हणणे लिहून घेतले जावे. दुसरे, अंतर मोजताना महामार्ग, रेल्वेमार्ग आणि खाडी यांचा विचार व्हावा. तिसरे, नव्या विभागात खासगी संस्थांना शाळेसाठी भूखंड देताना गावच्या शाळेला मैदान, वाचनालय आणि बालवर्ग मिळेल, हे सिडकोने पाहावे. या भागातील बंदर आणि कंपन्या सामाजिक दायित्वाचा निधी खर्च करतातच. रंगविलेल्या भिंतींपेक्षा शाळेला इंग्रजीचा एक चांगला शिक्षक मिळाला, तर पालकाची मुख्य तक्रार दूर होईल. चौथे, शेजारशेजारच्या तीन-चार छोट्या शाळांनी आपापल्या जागी राहून महिन्यातून दोन दिवस एकत्र यावे, खेळावे, संमेलनही मिळून करावे. समूहाचा लाभ मिळेल आणि शाळाही राहील.

आणि पाचवे आपल्यासाठी. निवृत्त शिक्षक आपल्या प्रत्येक धर्मग्रामात आहेत. आठवड्यातून एक सकाळ जवळच्या छोट्या शाळेला देणे त्यांना अशक्य नाही. आपल्या शाळांची वाचनालये, मैदाने आणि संगणककक्ष शनिवारी शेजारच्या मुलांसाठी उघडणेही अशक्य नाही. यासाठी कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही.

जूनच्या मध्यावर शाळेची घंटा पुन्हा वाजते. पाऊस सुरू झालेला असतो, भट्टीवरची कुटुंबे परतू लागलेली असतात. त्या दिवशी बाई नवा हजेरीपट उघडतात आणि ओसरीवर येऊन पाहतात की कोण कोण आले. त्या आजीबाईंच्या प्रश्नाचे उत्तर मंत्रालयात ठरेल, असे आपण समजतो. पुष्कळसे ते तेथे ठरतेही. परंतु काही अंशी ते त्या सकाळी, त्या ओसरीवर ठरते. त्या दिवशी बाई एकट्या असू नयेत, एवढे पाहणे आपल्या हातात आहे.